निळ्या पट्टीचे बदक

दांडिया बाजारातला आमचा वाडा गेल्या वर्षी विकला गेला. पणजोबांनी बांधलेला, चार पिढ्यांनी वापरलेला, आणि शेवटची काही वर्षे कोणीच राहत नसल्यामुळे कबुतरांनी बळकावलेला. व्यवहार पुरा झाल्यावर वस्तूंची वाटणी करण्यासाठी आम्ही सगळी चुलत-आते भावंडे एका रविवारी तिथे जमलो. अशा वाटण्यांत जे होते तेच झाले. शिसवी झोपाळा अहमदाबादच्या भावाने मागितला, तांब्याचे घंगाळ पुण्याच्या बहिणीने. दिवाणखान्यातल्या रविवर्म्याच्या तीन तसबिरींवर तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत भिंती रिकाम्या झाल्या आणि एकच तसबीर खिळ्याला लटकत राहिली. वीतभर उंचीची, काळ्या पडलेल्या चौकटीतली, एका रानबदकाची.

“हे कोणाला?” थोरल्या भावाने विचारले. कोणी बोलेना. तो ती रद्दीच्या ढिगाकडे घेऊन निघाला तेव्हा मी म्हणालो, “मला द्या.”

सगळे हसले. आतेबहीण म्हणाली, “त्याचाच हक्क आहे बाई त्याच्यावर. त्यानंच तर वाट लावली होती त्याची!”

ती म्हणाली ते खरे आहे, आणि आज सांगायची हकीकत तीच आहे. आपल्या वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी न मागितली गेलेली तसबीर अजून असेलच. तिच्याकडे कसे पाहावे हे मला वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास कळले. वाचकांना ते त्याआधी कळले तर बरे, एवढ्यासाठी हा लेख.

चित्र अगदी साधे. एक लहानसे बदक, कडेला गवताची चार पाती, खाली चार इंग्रजी अक्षरांत त्याचे नाव: टील. मराठी पक्षिग्रंथांत याला चक्रांग म्हणतात. आपल्याकडे तळ्यांवरची गुजराती माणसे मुरघाबी म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या रानबदकांत हे सर्वांत लहानांपैकी एक. नराचे डोके तांबूस पिंगट, अंगावर राखी रंगाच्या बारीक लहरी, शेपटीखाली पिवळसर ठिपका, आणि डोळ्यापासून मानेपर्यंत गेलेली एक रुंद पट्टी. आमच्या चित्रात ही पट्टी निळी होती. आत्या तर त्याला ‘निळ्या पट्टीचं बदक’ असेच म्हणत असे. “ते निळ्या पट्टीचं बदक आहे ना, त्याच्या खालच्या फडताळात कात्री आहे,” असा त्या तसबिरीचा घरात मुख्य उपयोग होता.

चित्र आजोबांनी विकत आणलेले. ते बडोदे संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. १९०९-१० च्या सुमारास महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत डभोईजवळ वढवाण्याचे तळे बांधले गेले, तेव्हा आजोबा पंचविशीतले उमेदवार म्हणून त्या कामावर होते. ओरसंग नदीचे पाणी कालव्याने आणून साठवायचे आणि शेतीला द्यायचे, अशी ती योजना. तळे भरले आणि पुढच्या हिवाळ्यात त्यावर बदके उतरली. ही गोष्ट आजोबा वर्षातून दोनदा तरी सांगत, आणि दर वेळी तितक्याच नवलाने. “आम्ही पाणी अडवलं ते गव्हासाठी. यांना कोणी कळवलं?” असे ते म्हणत. त्यानंतर दोनतीन वर्षांनी कँपातल्या कोणा साहेबाचे सामान लिलावात निघाले, त्यात आजोबांना हे चित्र दिसले. त्यांनी ते घेतले आणि दिवाणखान्यात, पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर, झोपाळ्यावर बसून दिसेल असे लावले. सकाळचे कोवळे ऊन बरोबर त्याच्यावर पडे. ही भिंत आणि हे ऊन वाचकांनी लक्षात ठेवावे.

१९६२ च्या जानेवारीत आजोबा मला वढवाण्याला घेऊन गेले. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. प्रतापनगरहून डभोईपर्यंत छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांवरून डुलत जाणारी, आणि पुढे बैलगाडी. थंडी मी म्हणत होती. बांधावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि धुक्याच्या आत नुसता आवाज होता. ऊन चढले तसा तो आवाज दिसू लागला. शेकडो पक्षी होते, हजारोही असतील. आजोबांनी खात्यात असतानाची दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली आणि एकेकाची ओळख करून दिली. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, तांबड्या डोक्याची लालसरी, आणि इथलेच बाराही महिने राहणारे हळदी-कुंकू, ज्याच्या चोचीच्या मुळाशी कुंकवाचे ठिपके आणि टोकाला हळद असते. मग म्हणाले, “आता ते बघ. आपलं.”

मी पाहिले आणि मला धक्काच बसला. चक्रांगाच्या डोळ्यामागची पट्टी हिरवी होती. लख्ख हिरवी.

घरी परतेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार. विलायतेतल्या चित्रकाराने चूक केली होती, आणि ती वडोदऱ्याच्या एका मुलाने पकडली होती. दोन दिवसांनी दुपारी सगळे निजले असताना मी स्टुलावर चढून तसबीर काढली, मागचे बारके खिळे अडकित्त्याच्या टोकाने उचकटले, काच बाजूला केली आणि शाळेच्या रंगपेटीतला हिरवा रंग त्या निळ्या पट्टीवर चढवला. रंग जाड झाला. पाणी जास्त झाले म्हणून तो पट्टीबाहेर ओघळला आणि पिंगट डोक्यावर पसरला. पुसायला गेलो तर कागदाचा लव निघू लागला. शेवटी तसबीर होती तशी लावून ठेवली आणि आपण काही केलेच नाही अशा चेहऱ्याने खेळायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा झोपाळ्यावर बसले. बराच वेळ समोर पाहत राहिले. मग मला हाक मारली.

“हिरवा कुठून आला?”

“मी दिला. तुम्हीच दाखवलंत ना वढवाण्याला, पट्टी हिरवी असते म्हणून? ज्यानं रंगवलं त्यानं चुकवलं होतं.”

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर एव्हाना मी विसरलोही असतो. ते म्हणाले, “आमच्या खात्यात एक रीत होती. बांधातून पाणी झिरपताना दिसलं, की आधी ते कुठून येतंय ते शोधायचं, मग माती लावायची. तू आधीच माती लावलीस.”

दोन वर्षांनी आजोबा वारले. चित्र तिथेच राहिले, हिरव्या डागासकट. आत्या पुढेही त्याला निळ्या पट्टीचे बदकच म्हणत राहिली.

पाणी कुठून येतंय हे शोधायला मी लागलो तो निवृत्तीनंतर. चित्राच्या मागे काही लिहिलेले नव्हते. मुंबईच्या एका जाणकार स्नेह्याने चित्राचा फोटो पाहून सांगितले की हे मॉरिसच्या पुस्तकातून सुटे केलेले पान दिसते. आता असली जुनी पुस्तके संगणकाच्या पडद्यावर पानापानाने उलटून पाहता येतात. मी पाहिले, आणि आमचे बदक सापडले.

फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस हा इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातला एक पाद्री. पाखरांचे त्याला वेड. समुद्रपक्ष्यांची सर्रास शिकार थांबवावी म्हणून त्याने हिरिरीने चळवळ केली आणि १८६९ मध्ये तसा कायदा झाला, त्यात त्याचा वाटा होता. ब्रिटनच्या पक्ष्यांचा इतिहास सहा खंडांत लिहायचे त्याने ठरवले, आणि १८५० ते १८५७ अशी सात वर्षे तो हप्त्याहप्त्याने बाहेर पडला. त्यात साडेतीनशेहून अधिक रंगीत चित्रे होती. ही चित्रे लंडनच्या बड्या छापखान्यात झाली असतील असे कोणालाही वाटेल. ती झाली ड्रिफील्ड नावाच्या एका लहानशा बाजारगावात. तिथे बेंजामिन फॉसेट नावाचा मुद्रक होता. तो चित्राचा ठसा बॉक्सवुड नावाच्या अतिशय कठीण लाकडावर कोरीत असे. लाकडाचा आडवा छेद घ्यायचा, तो आरशासारखा गुळगुळीत करायचा आणि बारीक पोलादी हत्याराने जिथे रेघ नको तिथले लाकूड काढून टाकायचे. उरलेल्या उंच रेघेला शाई लागते आणि ती कागदावर उमटते. अलेक्झांडर लायडन हा मुलगा त्याच्याकडे उमेदवार म्हणून आला आणि पुढे नामांकित चित्रकार झाला. मॉरिस आणि फॉसेट यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले, आणि दोघेही १८९३ या एकाच वर्षी वारले.

पण ठशातून उमटतात त्या रेघा. रंग कुठून आले? आमच्या दिवाणखान्यातल्या रविवर्म्याच्या तसबिरी दगडी छापाच्या. त्यांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि एकच कागद दगडामागून दगडाखाली जातो. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत यासाठी छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्या छापाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर दमयंतीच्या पातळाचा रंग दोन्हींत जवळपास सारखा. मॉरिसच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची गोष्ट निराळी. तिथे काळ्या रेघांचे पान छापून झाले की ते माणसांच्या हातात जाई आणि प्रत्येक प्रतीतले प्रत्येक पाखरू कुंचल्याने, पाण्याच्या रंगांनी, हाताने रंगवले जाई. साडेतीनशे चित्रे, आणि ती प्रत्येक प्रतीत पुन्हा. फॉसेट पुढे लाकडी ठशांनीच रंग छापण्यात पारंगत झाला, पण या पाखरांच्या वेळी सगळी भिस्त कुंचल्यावर होती.

या धंद्याची त्या काळची सर्वसाधारण रीत अशी. चित्रकार एक नमुना रंगवून देई. तो समोर ठेवून रंगवणारी मंडळी टेबलाभोवती बसत. एकीने फक्त पिंगट द्यायचा आणि पान पुढे सरकवायचे, दुसरीने राखी, तिसरीने हिरवा. ज्याला चकाकी हवी त्या जागी शेवटी बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाचा हात. ड्रिफील्डला या कामात गावातल्या मुली आणि बायका होत्या. चित्राखाली पक्ष्याचे नाव आहे. पुस्तकावर मॉरिसचे नाव आहे. जाणकारांना फॉसेट आणि लायडन ठाऊक आहेत. आमच्या बदकाला पट्टी देणाऱ्या मुलीचे नाव कुठेच नाही. तिने जन्मात चक्रांग पाहिले होते की नाही हेही कोणी सांगू शकणार नाही. तिच्यासमोर नमुना होता, आणि हिरव्याचा कुंचला होता.

ही माणसे अदृश्य होती म्हणून बिनमहत्त्वाची होती असे मात्र नाही. ऑडुबॉनच्या अमेरिकन पक्ष्यांच्या जगप्रसिद्ध चित्रसंग्रहाची सुरुवात एडिंबरोला लिझार्स नावाच्या खोदकाराकडे झाली. पहिली दहा चित्रे झाली आणि १८२७ मध्ये त्याच्या रंगवणाऱ्या कामगारांनी संप केला. काम अडले. ऑडुबॉन लंडनला हॅवेलकडे गेला आणि पुढची अकरा वर्षे खपून, १८३८ मध्ये, ४३५ चित्रांचे ते काम तिथेच पुरे झाले. ज्यांची नावे पुस्तकावर नव्हती त्यांनी कुंचले खाली ठेवताच पुस्तकाला गाव बदलावे लागले.

आणि आपल्याकडे? कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश सर एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ पासून आपल्या बागेतल्या पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. ती छापाची नव्हेत, एकेक स्वतंत्र रंगवलेली. काढणारे तिघे पाटण्याकडचे: शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. त्यांची नावे चित्रांवर लिहिली गेली म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहेत. भवानीदासाने एक बदक काढले. अंग तपकिरी-काळे आणि डोके व मान गुलाबी. बंगाल-बिहारच्या दलदलींतले हे गुलाबी डोक्याचे बदक. त्याची खात्रीची शेवटची नोंद १९३५ मधली मानली जाते. त्यानंतर शोध पुष्कळ झाले, पक्षी निर्विवाद कोणाला दिसला नाही. संग्रहालयांत त्याची पेंढा भरलेली कातडी आहेत. पण ती गुलाबी मान जिवंतपणी कशी दिसत असेल हे समजून घ्यायला आज जी थोडी साधने उरली आहेत, त्यांत भवानीदासाचा कुंचला आहे. पाखरू जाते तेव्हा रंगवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. मी मात्र ड्रिफील्डच्या त्या मुलीला, पाखरू समोर जिवंत असताना, खोटे ठरवून मोकळा झालो होतो.

संगणकावर मला मॉरिसच्या पुस्तकाच्या दोन निरनिराळ्या प्रती पाहायला मिळाल्या. दोन्हींत चक्रांगाची पट्टी हिरवी होती. एकीत थोडी गडद, एकीत फिकी, पण हिरवी. मग आमचीच निळी कशी? दोन हातांत फरक पडतो हे मान्य. पण हिरव्याचा निळा? त्या दिवशी कोणाचा हात भलत्याच रंगात बुडाला, अशी मी समजूत करून घेतली. म्हणजे चूक पुन्हा त्याच मुलीच्या माथी मारली.

वाटणीत मिळालेले चित्र मी गेल्या उन्हाळ्यात जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे नेले. त्यांनी ते टेबलावर पालथे ठेवले, मागचे खिळे एकेक करून काढले, काच उचलली आणि मग चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट हलकेच सुटी केली. लहानपणी मी ती चौकट उचललीच नव्हती. वरूनच रंग फासला होता.

“हे पाहा,” त्या म्हणाल्या.

चौकटीच्या कडेखाली गवताच्या पात्यांची टोके झाकली गेली होती. झाकलेली टोके हिरवी होती. चौकटीच्या बाहेर, उजेडात राहिलेली तीच पाती निळसर होती. एकाच पात्याचा अर्धा भाग हिरवा, अर्धा निळा, आणि मधोमध पुठ्ठ्याची सरळ रेघ.

बाईंनी मग सावकाश समजावले. त्या काळचा हिरवा पुष्कळदा निळा आणि पिवळा एकत्र करून केलेला असे. निळा बहुधा प्रशियन ब्ल्यू, आणि पिवळा एखादा झाडाचा: गॅम्बोज म्हणून पूर्वेकडच्या एका झाडाचा डिंक येई तो, किंवा सालीपासून काढलेला. झाडाचे पिवळे उन्हाला टिकत नाहीत. वर्षानुवर्षे उजेड लागला की पिवळा उडतो आणि खाली निळा एकटा राहतो. जुन्या रंगवलेल्या चित्रांत निळी झाडे आणि निळी कुरणे दिसतात ती यामुळे. “तुमचं चित्र उन्हात होतं का?” त्यांनी विचारले.

पूर्वेच्या खिडकीसमोर, शंभर वर्षांहून अधिक काळ.

तर पाणी इथून येत होते. ड्रिफील्डच्या मुलीने हिरवाच दिला होता. तो आमच्या घरातल्या सकाळच्या उन्हाने उडवला, ज्या उन्हाचे आम्हाला इतके कौतुक होते. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी साठ वर्षांपूर्वीच यायला हवी होती. आजोबांनी ते चित्र का घेतले? वढवाण्याच्या बांधावर तीन हिवाळे त्यांनी हे पाखरू पाहिले होते. मला ‘आपलं’ म्हणून दाखवण्याइतके ते त्यांना ठाऊक होते. निळ्या पट्टीचे चक्रांग लिलावात दिसते तर त्यांनी त्याला हातही लावला नसता. त्यांनी घेतले तेव्हा पट्टी हिरवी असलीच पाहिजे. मग रोज सकाळी झोपाळ्यावरून पाहता पाहता ती इतक्या हळू निळी झाली, की पाहणाऱ्याला कळलेच नाही. आपल्या माणसाचे केस पांढरे होतात तेही असेच. आजोबांना शेवटी शेवटी ती कोणत्या रंगाची दिसत होती, हे विचारायला आता कोणी नाही.

मी बाईंना विचारले, “माझा रंग काढता येईल का?”

त्या म्हणाल्या, “तुमचाही पाण्याचा, खालचाही पाण्याचा. तुमचा काढायला गेले तर तिचाही जाईल.”

आम्ही तो ठेवला. फक्त चौकटीचा पुठ्ठा बदलला. जुना पुठ्ठा कागदाला पिवळा पाडतो म्हणून आता आम्लरहित घातला आहे.

या जानेवारीत मी पुन्हा वढवाण्याला गेलो. बरोबर तीच आतेबहीण होती, जी वाटणीच्या दिवशी हसली होती. बैलगाडीची आता गरज नाही. थेट बांधापर्यंत मोटार जाते. २०२१ मध्ये या तळ्याची रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नोंद झाली. मध्य आशियाच्या आकाशमार्गाने येणाऱ्या ऐंशीहून अधिक जातींच्या पक्ष्यांना ते हिवाळ्याचा आसरा देते असे त्या नोंदीत आहे. आजोबांना हे कळते तर त्यांनी पुन्हा तेच विचारले असते, यांना कोणी कळवलं म्हणून. ज्या लालसरीची आजोबांनी मला सहज जाता जाता ओळख करून दिली, ती आता जगभर कमी होत चाललेल्या, धोक्यातल्या पक्ष्यांत मोजली जाते. वढवाण्याला ती अजून येते.

उथळ पाण्यात काठाशी चक्रांगांची एक टोळी चरत होती. माझी दुर्बीण आता माझ्या हातात स्थिर राहत नाही, म्हणून बांधाच्या कठड्यावर टेकवून पाहिले. पट्टी हिरवी. आठवणीत होती तशीच लख्ख. मग एका नराने मान वळवली आणि पट्टी क्षणभर निळी झाली. मला वाटले डोळ्यांचा दोष. बहिणीला दुर्बीण दिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अरे, हे तर आत्याचं बदक!”

याचे कारण मी परत आल्यावर वाचून काढले. त्या पट्टीत हिरवा रंग नाहीच. पिसाच्या तंतूंत एका काळसर द्रव्याचे अतिसूक्ष्म कण आणि त्यावर पातळ पारदर्शक थर असतो, आणि प्रकाश त्यांवरून परतताना हिरवा होऊन येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसलाच हा प्रकार. पाहण्याचा कोन बदलला की हिरव्याचा निळा, कधी जांभळाही होतो. म्हणजे खऱ्या पाखराला निळी आणि हिरवी दोन्ही पट्ट्या आहेत, आणि कुंचला धरणाऱ्याला त्यांतली एकच निवडावी लागते. चकाकीसाठी डिंकाचा हात फिरवीत त्या बाया जे करू पाहत होत्या ते हेच होते. स्थिर कागदावर हलणारा रंग धरायचा. मी शाळेच्या पेटीतल्या एका वडीने ते काम दहा मिनिटांत उरकायला निघालो होतो.

आता थोडे कामाचे. वडोदऱ्यातले वाडे एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या वस्तू. देवादिकांच्या तसबिरींना धनी मिळतो. पानाफुलांची, पाखरांची, इमारतींची लहान चित्रे रद्दीत जातात. आपल्या घरी असे एखादे चित्र असेल तर ते भिंगाखाली धरून पाहावे. रंग ठिपक्यांचा किंवा सर्वत्र एकसारखा बसलेला असेल तर तो यंत्राचा. रंग रेघेबाहेर केसभर गेलेला, कुठे दाट कुठे विरळ, एखाद्या जागी डिंकाने चमकणारा असेल तर तो कोणाच्या तरी हाताचा. असे चित्र थेट उन्हासमोर लावू नये. पाठीला खळ किंवा चिकटपट्टी लावू नये. चौकट उघडायचीच झाली तर जाणत्याकडून उघडावी, आणि आतला पुठ्ठा फेकण्याआधी त्याच्या कडेखाली काय झाकले गेले आहे ते जरूर पाहावे. आणि चित्रात काही चुकले आहे असे वाटले तर, कृपा करून, रंगपेटी काढू नये.

आमचे बदक आता माझ्या खोलीत उत्तरेच्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर आहे. त्याच्या पट्टीत तीन हात आहेत: खाली ड्रिफील्डच्या मुलीचा, मध्ये आमच्या खिडकीतल्या उन्हाचा, आणि वर माझा, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत वाईट. मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे की हिरवा डाग १९६२ सालचा आहे आणि तो कोणी दिला. पुढे कोणी तसबीर उघडली तर त्याने निदान त्या मुलीला दोष देऊ नये.

थोरल्या भावाचा परवा फोन आला होता. वाटणीत मिळालेला रविवर्मा त्याने नव्या घरात लावला आहे. मी विचारले, “ऊन येतं का त्या भिंतीवर?”

तो म्हणाला, “भरपूर. पूर्वेची खिडकी आहे.”

येत्या रविवारी जाणार आहे. हातोडी आणि खिळा बरोबर घेऊन.